समुद्रावर रूळ टाकणारा म्हातारा

पंचाहत्तरी उलटली की माणसाने काय करावं अशी आपली अपेक्षा असते? सकाळी फिरून यावं, पेपर वाचावा, नातवंडांना गोष्टी सांगाव्यात. हेन्री मॉरिसन फ्लॅगलर नावाच्या एका अमेरिकन म्हाताऱ्याने पंचाहत्तराव्या वर्षी ठरवलं, की आपण भर समुद्रातून रेल्वे न्यायची. एखाद-दुसरी खाडी ओलांडायची नव्हती. फ्लोरिडाच्या टोकापासून पुढे समुद्रात विखुरलेल्या छोट्या छोट्या बेटांवरून उड्या मारत, मायामीपासून १५६ मैल लांबच्या की वेस्ट या बंदरापर्यंत जायचं होतं. तेही जिथे दर दोन-चार वर्षांनी चक्रीवादळ येतं अशा पट्ट्यातून.

सिव्हिलवाल्यांना ही गोष्ट माहीत असायलाच हवी. बाकीच्यांनीही वाचावी, कारण ही नुसती पुलाची गोष्ट नाही. पैसा, हट्ट, हुशारी आणि चुका यांचं एवढं मोठं मिश्रण एकाच माणसाच्या आयुष्यात क्वचितच सापडतं.

फ्लॅगलरचा जन्म २ जानेवारी १८३० चा, न्यूयॉर्क राज्यातल्या होपवेल गावचा. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक, म्हणजे घरात मान भरपूर आणि पैसा बेताचा. आठवी झाल्यावर चौदाव्या वर्षी पोराने शाळा सोडली आणि नातेवाइकांच्या दुकानात काम करायला तो ओहायोत गेला. पगार महिन्याला ५ डॉलर आणि राहणं-जेवण. इंजिनिअरिंग सोडाच, पुढचं कुठलंच शिक्षण त्याने घेतलं नाही. पण धान्याच्या व्यापारात जम बसवला, १८५३ मध्ये मेरी हार्कनेसशी लग्न केलं, थोडा पैसा गाठीला बांधला.

मग त्याला मोह झाला मिठाचा. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, सैन्याला मांस खारवायला मीठ लागायचं, भाव चढलेले. फ्लॅगलरने मिशिगन राज्यात मिठाचा कारखाना काढला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि कारखाना बुडाला. पस्तिशीतला माणूस डोक्यावर कर्ज घेऊन रस्त्यावर आला. बॅकलॉग राहिला म्हणून खचून जाणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. कारण याच माणसाने क्लीव्हलँडला जाऊन पुन्हा धान्याचा धंदा सुरू केला, तिथे त्याची एका तरुण व्यापाऱ्याशी गाठ पुन्हा घट्ट झाली आणि पाचच वर्षांत, १८७० मध्ये, दोघांनी मिळून स्टँडर्ड ऑइल कंपनी उभी केली. त्या तरुणाचं नाव जॉन रॉकफेलर. पुढे ही कंपनी जगातली सर्वांत ताकदवान तेल कंपनी झाली. रॉकफेलरचं नाव सगळ्यांच्या तोंडी राहिलं; करार कसे करायचे, रेल्वेकडून मालवाहतुकीत सवलत कशी उकळायची आणि प्रतिस्पर्ध्याला कसं गिळायचं, यामागे मोठं डोकं फ्लॅगलरचं होतं. त्यात सगळंच सरळ नव्हतं, हेही सांगायला हवं.

बायकोच्या तब्येतीसाठी १८७८ च्या हिवाळ्यात तो पहिल्यांदा फ्लोरिडात गेला. मेरी १८८१ मध्ये वारली, पण फ्लोरिडा त्याच्या डोक्यात राहिला. तेव्हाचा फ्लोरिडा म्हणजे दलदल, डास आणि मगरी. फ्लॅगलरला तिथे ऊन आणि समुद्र दिसला, आणि उत्तरेकडच्या थंडीत कुडकुडणारे श्रीमंत लोक दिसले. १८८८ मध्ये त्याने सेंट ऑगस्टिनला पॉन्स द लिऑन नावाचं भलं मोठं हॉटेल उघडलं. ते काँक्रीट ओतून बांधलेल्या अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या मोठ्या इमारतींपैकी एक. लक्षात ठेवा, काँक्रीटशी त्याची ओळख इथे झाली. पुढे ती कामाला आली.

हॉटेलला गिऱ्हाईक आणायचं तर रेल्वे हवी, म्हणून त्याने रेल्वे विकत घेतली. रेल्वे पुढे नेली, की पुढच्या गावात हॉटेल. हॉटेल झालं, की आणखी पुढे रेल्वे. असं करत करत १८९४ मध्ये तो पाम बीचला पोहोचला. त्याच हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीने उत्तर आणि मध्य फ्लोरिडातल्या संत्र्याच्या बागा जळाल्या. अगदी दक्षिणेला मायामी नदीकाठी मात्र झाडं हिरवीगार होती. तिथल्या ज्युलिया टटल नावाच्या जमीनदार बाईने त्याला संत्र्याचा मोहोर पाठवून दिला, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, १८९६ मध्ये रेल्वे मायामीला पोहोचली. गावाला फ्लॅगलरचं नाव द्यावं असं लोकांच्या मनात होतं, ते त्याने नाकारलं.

इथवर सगळं जमिनीवर चाललं होतं. पुढे जमीनच संपत होती.

१९०४ मध्ये अमेरिकेने पनामा कालव्याचं काम हातात घेतलं. कालवा झाला, की जगाची जहाजं या बाजूने जाणार आणि त्यांना सर्वांत जवळचं अमेरिकन खोल बंदर म्हणजे की वेस्ट. क्युबा तिथून फक्त ९० मैलांच्या आसपास. फ्लॅगलरने हिशेब केला आणि १९०५ मध्ये की वेस्टपर्यंत रेल्वे नेण्याची घोषणा केली. आपल्या कंपनीच्या जोसेफ पॅरटला त्याने विचारलं, हे होईल का? पॅरटने खात्री दिली आणि म्हाताऱ्याने लगेच कामाला लागायला सांगितलं. लोकांनी या रेल्वेला फ्लॅगलरचा वेडेपणा असं नाव ठेवून दिलं.

मुख्य इंजिनिअर म्हणून जोसेफ मेरेडिथला नेमलं. मेक्सिकोतल्या टॅम्पिको बंदरात त्याने काँक्रीटचा धक्का बांधला होता. त्याच्या हाताखाली विल्यम क्रोम नावाचा विशीतला पोरगा होता. त्याने आधी दलदलीत कमरेएवढ्या पाण्यातून सर्वेक्षण केलेलं. मजूर आले न्यूयॉर्कमधून, बहामाहून, केमन बेटांवरून, स्पेनमधून. एका वेळी चार हजारांच्या आसपास माणसं कामावर असत. बेटांवर गोडं पाणी थेंबभर नाही, म्हणून पिण्याचं आणि काँक्रीटचंही पाणी मुख्य भूमीवरून टाक्यांनी आणायचं. डास एवढे की काही मजूर पहिल्याच आठवड्यात पळून जायचे. मजुरांना फसवून आणलं, डांबून ठेवलं, असे आरोप झाले. न्यूयॉर्कच्या न्यायालयात खटलाही उभा राहिला. आरोप सिद्ध झाले नाहीत, पण त्या छावण्यांमधलं जगणं सुखाचं नव्हतं हे नक्की.

आता बांधकामाकडे येऊ. या मार्गात दोन प्रकारचं काम होतं. जिथे पाणी उथळ, तिथे समुद्रतळातली चुनखडीची चिकट माती आणि दगड ड्रेजरने उपसून भराव घालायचा आणि त्यावर रूळ टाकायचे. ही माती वाळली की दगडासारखी घट्ट होते. जिथे पाणी खोल, तिथे पूल. भराव स्वस्त, पूल महाग. साहजिकच सुरुवातीचा कल भरावाकडे होता.

पुलाच्या खांबाची पद्धत तुमच्या फाउंडेशनच्या पुस्तकात आहे तीच. आधी लाकडी कॉफरडॅम जागेवर बसवायचा. आत तळाच्या खडकात लाकडी पाइल ठोकायचे. मग पाण्याखालीच काँक्रीटचा थर ओतून तळ बंद करायचा. तो पक्का झाला की पाणी उपसायचं आणि कोरड्यात खांबाचं काम करायचं. समुद्राच्या पाण्याखालच्या कामासाठी सिमेंट खास जर्मनीहून मागवलं, कारण खाऱ्या पाण्यात ते चांगलं टिकतं असा त्या काळी लौकिक होता. भरतीच्या वरच्या कामाला अमेरिकन सिमेंट.

पहिला मोठा पूल लाँग कीचा, दोन मैलांहून लांब, १८० च्या वर काँक्रीटच्या कमानी. आपल्याकडच्या घाटातल्या जुन्या रेल्वेपुलांच्या कमानी आठवा आणि त्या समुद्रात क्षितिजापर्यंत ओळीने उभ्या आहेत अशी कल्पना करा. फ्लॅगलरचा हा सर्वांत लाडका पूल होता. रेल्वेच्या जाहिरातींवर त्याचंच चित्र असायचं.

पण त्या पुलाचं काम चालू असतानाच पहिला तडाखा बसला. १८ ऑक्टोबर १९०६. मजुरांची राहण्याची सोय तरंगत्या घरांमध्ये केलेली होती. पहाटेच्या वादळात त्यातलं लाँग कीजवळचं एक घर नांगर तोडून वाहत सुटलं आणि समुद्रात फुटलं. फळ्यांना धरून तरंगणारे काही जण जाणाऱ्या जहाजांनी उचलले. त्या वादळात शंभराहून जास्त मजूर मेले. कंपनीने धडा घेतला आणि त्यानंतर मजुरांची वस्ती जमिनीवर केली. एवढी साधी गोष्ट आधी सुचली नाही, त्याची किंमत कोणी मोजली हे विसरू नये.

एप्रिल १९०९ मध्ये मेरेडिथ वारला. मधुमेह होता, तरी शेवटपर्यंत साइटवर. जबाबदारी तिशी नुकती ओलांडलेल्या क्रोमवर आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दुसरं वादळ, पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तिसरं. दोन्ही वेळा भराव मैलोन्मैल वाहून गेला.

असं का व्हावं? वादळात समुद्र दोन प्रकारे चढतो. एक, हवेचा दाब कमी झाला की पाणी फुगतं. दाब एक मिलिबार उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर वर. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, वारा पाणी ढकलत किनाऱ्यावर आणतो आणि उथळ तळावर ते साठत जातं. याला म्हणायचं वादळी उधाण. त्या चढलेल्या पाण्यावर पुन्हा लाटा असतात. आता या बेटांची गंमत अशी, की एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला मेक्सिकोचं आखात, आणि मधल्या खाड्यांमधून पाणी सतत इकडून तिकडे जातं. तिथे सलग भराव घातला म्हणजे समुद्राला धरण बांधलं. उधाण आलं की एका बाजूला पाण्याची पातळी वर, दुसऱ्या बाजूला खाली. मग पाणी वाट शोधतं. भरावावरून ओसंडायला लागलं की मागचा उतार आधी कातरला जातो, आणि एकदा खिंडार पडलं की काही मिनिटांत रुळांखालून जमीन गायब.

क्रोमने हे साइटवर डोळ्यांनी पाहिलं. मार्ग बदलला गेला. भराव कमी करून पुलांची आणि पाणी जायच्या वाटांची लांबी वाढवली. खर्च वाढला, फ्लॅगलरने पैसे दिले. इथे या म्हाताऱ्याला मानलं पाहिजे. स्वतः इंजिनिअर नसूनही, समुद्र काय सांगतोय ते इंजिनिअरने सांगितल्यावर त्याने ऐकलं.

सर्वांत अवघड काम पुढे होतं. नाइट्स कीच्या पुढे जवळजवळ सात मैल जमीनच नाही. तिथे ५४६ खांब उभे राहिले. काही भागात लोखंडी गर्डर, काही भागात काँक्रीटच्या कमानी, आणि जहाजं जाण्यासाठी मध्ये फिरणारा एक गाळा. त्याच्याही पुढे बाहिया होंडाची खाडी, लांबी कमी पण पाणी सर्वांत खोल. जिथे पाणी खोल तिथे लाट उंच, हे ओळखून तिथे उंच लोखंडी ट्रस घेतले.

१९११ च्या सुरुवातीला क्रोमला विचारणा झाली, की म्हाताऱ्याच्या पुढच्या वाढदिवसापर्यंत काम होईल का? फ्लॅगलर थकत चालला होता. क्रोमने आकडेमोड करून कळवलं, की २ जानेवारी जमणार नाही, पण वादळ आलं नाही तर २२ जानेवारी जमेल. सबमिशनच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांना ही घाई समजेल! रात्रंदिवस पाळ्या लागल्या. वादळ आलं नाही. २२ जानेवारी १९१२ रोजी बरोबर पहिली गाडी की वेस्टला पोहोचली. ८२ वर्षांचा फ्लॅगलर डब्यातून उतरला. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. शाळेतल्या मुलांनी गाणी म्हटली, फुलं उधळली, गावातल्या कित्येकांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा आगगाडी पाहिली.

पुढच्या वर्षी जानेवारीत तो पाम बीचच्या आपल्या महालात जिन्यावरून पडला आणि २० मे १९१३ रोजी गेला. सेंट ऑगस्टिनच्या चर्चमध्ये, पहिली बायको आणि मुलगी यांच्या शेजारी त्याला पुरलं.

धंदा म्हणून पाहिलं तर रेल्वे फसली. १९१४ मध्ये पनामा कालवा उघडला, पण जहाजं की वेस्टला थांबेनात. हवानाला मालडबे नेणारी बोट काही वर्षं चालली, पर्यटक आले, पण खर्च निघाला नाही. १९३१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

आणि मग २ सप्टेंबर १९३५. अमेरिकेत कामगार दिनाची सुट्टी. बेटांवर त्या वेळी पहिल्या महायुद्धातले बेकार सैनिक मोटाररस्त्याचे पूल बांधायच्या कामावर होते, राहायला तंबू आणि झोपड्या. वादळ येतंय हे कळल्यावर त्यांना आणायला मायामीहून गाडी निघाली, पण उशिरा. सुट्टीच्या दिवशी नावांची गर्दी म्हणून वाटेतला उघडणारा पूल उघडा होता, तिथे वेळ गेला. परतताना पुढे असावं म्हणून होमस्टेडला इंजिन फिरवून घेतलं, तिथे वेळ गेला. पुढे एका क्रेनची लोंबणारी तार गाडीत अडकली, तिथे तासाभराहून जास्त गेला. रात्री आठनंतर गाडी इस्लामोराडाला पोहोचली तेव्हा उधाण आलं. हवेचा दाब ८९२ मिलिबार, पाणी सुमारे १८ फूट. आणि या सगळ्या बेटांवरची सर्वांत उंच जागाच १८ फुटांच्या आसपास! अकराच्या अकरा डबे रुळांवरून उलथून पडले. उभं राहिलं ते फक्त इंजिन, स्वतःच्या वजनामुळे. चारशेहून जास्त माणसं मेली, त्यात निम्म्याहून अधिक ते सैनिक.

सुमारे ४० मैलांचा रेल्वेमार्ग वाहून गेला. पण काय वाहून गेलं आणि काय राहिलं हे पाहा. भराव गेला. पूल राहिले. लाँग कीच्या कमानी, सात मैलांचा पूल, बाहिया होंडा, सगळे उभे. रेल्वे पुन्हा बांधायला पैसा नव्हता, म्हणून सगळा मार्ग पुलांसकट ६,४०,००० डॉलरमध्ये फ्लोरिडा राज्याला विकला. त्याच पुलांवरून १९३८ मध्ये मोटाररस्ता सुरू झाला. बाहिया होंडाच्या ट्रसमधून दोन गाड्या शेजारी मावत नव्हत्या, म्हणून रस्ता चक्क ट्रसच्या डोक्यावरून नेला. आणि हे जुने पूल नवे पूल होईपर्यंत, म्हणजे १९८० च्या सुमारापर्यंत, वाहतूक झेलत राहिले. नवा सात मैलांचा पूल १९८२ चा.

पूल का टिकले? एक तर ते उंच होते, लाटेचा माथा डेकच्या खालून जायचा. दुसरं म्हणजे खांबांमधून पाण्याला वाट होती, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या पातळीत मोठा फरक साठत नव्हता. तिसरं, कमान आणि खांब एकसंध आणि रेल्वेच्या भारासाठी केलेले, म्हणजे भरपूर जड.

हे तिसरं कारण नीट समजून घ्यायचं तर २००४ आणि २००५ सालाकडे यावं लागेल. आयव्हन वादळात पेन्साकोलाजवळच्या एस्कांबिया उपसागरावरचा पूल आणि पुढच्या वर्षी कॅटरिना वादळात बिलॉक्सी, बे सेंट लुईस आणि न्यू ऑर्लिन्सजवळचा पॉनचारट्रेन सरोवरावरचा पूल, यांचे गाळे पत्त्यांसारखे घसरून पाण्यात पडले. खांब बहुतेक जागेवर, डेक गायब. फ्लॅगलरनंतर नव्वद वर्षांनी, सगळी कोडबुकं हातात असताना! कारण हे गाळे कमी उंचीवर होते आणि मुख्यतः स्वतःच्या वजनावर टेकलेले. काँक्रीटची घनता घनमीटरला साधारण २४०० किलो, समुद्राच्या पाण्याची १०२५. म्हणजे डेक बुडाला की चाळीस टक्क्यांहून जास्त वजन तिथेच गेलं. त्यात दोन गर्डरच्या मधल्या पोकळीत हवा अडकते, ती फुग्यासारखी वर उचलते. वरून प्रत्येक लाट खालून ठोसा देते आणि बाजूने ढकलते. गाळा थोडा उचलला जातो, थोडा सरकतो, पुन्हा टेकतो, पुन्हा उचलला जातो. तासाभरात कडेला येऊन पडतो. या अनुभवानंतर २००८ मध्ये अमेरिकेत किनाऱ्यावरच्या पुलांसाठी वेगळी मार्गदर्शक नियमावली आली. न्यू ऑर्लिन्सजवळचा नवा पूल जुन्यापेक्षा कितीतरी उंच, सुमारे ३० फुटांवर बांधला. तात्पर्य तेच: लाटेच्या वर राहा, आणि नाही जमलं तर डेक खांबाला असा बांधा की उचलला जाणार नाही.

आपल्या देशात याचं चुलतभावंड आहे. रामेश्वरचा पांबन पूल फ्लॅगलर गेल्याच्या पुढच्या वर्षी, १९१४ मध्ये सुरू झाला. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडीची पॅसेंजर गाडी माणसांसकट बुडाली आणि पांबनचे १४५ पैकी १२६ गर्डर पडले. तिथेही खांब बहुतेक उभे होते. ज्या तरुण इंजिनिअरने तो पूल ४६ दिवसांत पुन्हा उभा केला, ते ई. श्रीधरन पुढे आपल्या कोकण रेल्वेचे प्रमुख झाले. त्या जुन्या पुलाची जागा २०२५ मध्ये नव्या पांबन पुलाने घेतली.

फ्लॅगलरला थोर म्हणावं का? ज्याने रेल्वेच्या सवलती उकळून प्रतिस्पर्धी संपवले, ज्याच्या कामावर शंभरावर मजूर एका पहाटे बुडाले, त्याला डोळे मिटून थोर म्हणणं अवघड आहे. नुसता वेडा म्हणणंही बरोबर नाही. त्याचा पैशाचा हिशेब चुकला, पनामाचा अंदाज चुकला, पण समुद्राबद्दल त्याच्या माणसांनी जे शिकून घेतलं ते चुकलं नाही. त्याच्या कामातलं जे स्वस्त होतं आणि समुद्राला अडवत होतं ते गेलं. जे महाग होतं आणि समुद्राला वाट देत होतं ते आजही उभं आहे. पिजन की बेटापर्यंतचा जुना पूल दुरुस्त करून २०२२ मध्ये पायी फिरणाऱ्यांसाठी पुन्हा खुला केला आहे.

उद्या तुमच्यापैकी कोणी खाडीवरच्या पुलाचं डिझाइन करत असेल. साहेब विचारतील, एवढे गाळे कशाला, भराव घालून भागवता येत नाही का? त्या वेळी लाँग कीच्या त्या कमानी आठवा, आणि हिशेबाची वही पुढे करा.